क्रमांक ११२

सोमवार, ३
लागली एकदाची नोकरी! ज्यांच्याकडे लागले त्या काकूंचे यजमान फोटोग्राफर होते. ते गेले आणि मागे फोटोंची चौदा खोकी ठेवून गेले. ती मी लावायची. फोटोंचा गठ्ठा पालथा घालून प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलने क्रमांक टाकायचा, मग सुलटा करून वहीत नोंद: साल कोणतं, माणसं किती. काकू फटकळ आहेत, पण चहा झकास करतात. शेजारचा फ्रेमवाला ‘अर्धाच द्या’ म्हणत पूर्ण कप रिचवतो. आईला फोन केला, तर म्हणाली, वेळेवर जेव.

मंगळवार, ४
गठ्ठ्यात फ्रेमवाला सापडला! मित्रांच्या घोळक्यात, भरघोस केसांचा. क्रमांक ८८, व्यक्ती पाच. दाखवला तर लाजून टक्कल खाजवत बसला.

बुधवार, ५
पडताळणी केली. ८८ मध्ये चारच माणसं. फ्रेमवाल्याच्या जागी मागची भिंत दिसते, विटांसकट. माझे डोळे गेले की काय! त्याच्या दुकानात डोकावले. पंखा चालू, माणूस नाही. त्याची बायको रडत सांगत होती की चपलासुद्धा इथेच आहेत.

गुरुवार, ६
क्रमांक टाकून वहीत नोंदलेले सगळे फोटो तपासले. प्रत्येकात कुणी ना कुणी कमी. क्रमांक न टाकलेल्यांत सगळे जागच्या जागी. म्हणजे हे माझ्या हाताने होतंय. काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, उन्हानं डोकं फिरलंय तुझं, घरी जा. मला फार भीती वाटते आहे.

शुक्रवार, ७
वहीत खुणेला आमचा फोटो ठेवते. आई खुर्चीत, ताई आणि मी मागे. आज तो नोंद राहिलेल्या गठ्ठ्यात निघाला. पाठीवर माझंच अक्षर, ११२. मंगळवारी पालथ्या फोटोंवर हात चालत राहिला आणि मी बघितलंही नाही.
सुलटा केला. ताई नाही.
भावोजींना फोन लावला. दूध गॅसवर ठेवून ती कुठे गेली, ते मलाच विचारत होते—

शनिवार, ८
क्रमांक खोडला. वहीचं पान जाळलं. ताई परत आली नाही. आई फोन उचलत नाही. आई नको. माझी आई नको—

दुपारी
उचलला! भाजी आणायला गेली होती. मी रडले, ती रागावली.
फोटो पुन्हा पाहिला. आई आहे. खुर्चीत, अगदी स्पष्ट. एकटी—
एकटी?
तिच्या मागे मी होते. खांद्यावर हात ठेवून—
आईला आता कोण सांगणार, की मी