लाल ठिपक्याची नळी

२८ सप्टेंबर १९६४

उद्योग खात्याची समिती येणार. दसरा झाला की येणार. गुरुराजने जेवता जेवता सांगितलं आणि ताक भातावर ओतायचं सोडून पाण्याच्या भांड्यात ओतलं. पुष्पावतीने भांडं बदलून दिलं. नवऱ्याच्या चुका पोटात घालायची तिला सवय आहे. मला नाही. म्हटलं, "शास्त्रज्ञ झालास खरा."

धाकटा भाऊ. सरकारी कारखान्यातली पक्की नोकरी सोडून बंगळूरच्या कॉटनपेटात आमच्या मागच्या पडवीत लेथ घेऊन बसलाय. लेथही सरकारचीच. परदेशातून येणारा माल छोट्या कारखानदारांनी इथे करून दाखवावा अशी योजना आहे. पास झालं तर लेथ राहणार, पुढचं अनुदान मिळणार. नापास झालं तर लेथ उचलून नेणार. पडवी वडिलांची, डोकं त्याचं, इंग्रजी अर्ज माझे. दिवसा शाळेत मुलींना व्याकरण शिकवते, संध्याकाळी खात्याला.

नोकरीत परत घेणार नाहीत. तो दरवाजा त्याने जाताना जरा जोरात लावलाय.

६ ऑक्टोबर

आज विचारलंच, वर्षभर पडवीत करतोस तरी काय. त्याने एक पितळी नळी हातात दिली. चपटी, अर्ध्या बांगडीसारखी वाकवलेली, एका टोकाला बंद. बॉयलरच्या गेजमध्ये असते म्हणे. वाफेचा दाब आला की ती सरळ व्हायला बघते, त्या ओढीने काटा फिरतो. दाब गेला की पुन्हा होती तशी वाकडी, काटा शून्यावर.

"खात्यात उलटं असतं," मी म्हटलं. "तिथे दाब आला की वाकतात."

हसला नाही. हल्ली हसत नाही.

खात्याने विलायतेची एक नळी नमुना म्हणून दिलीय, परत करायच्या बोलीवर. त्याने दोन्ही शेजारी ठेवल्या. मला काही फरक दिसेना. आपली कळावी म्हणून तिच्यावर त्याने लाल रंगाचा ठिपका दिलाय.

"ठिपक्याशिवाय तुला तरी ओळखू येते का रे?"

"ओळखू आली तर मी केलं काय, अक्का?"

१४ ऑक्टोबर

खंडेनवमी. लेथला झेंडूची माळ. कानशी, हातोड्या, पकडी सगळ्या पाटावर. दोन्ही नळ्याही पाटावर. पुष्पावतीने विलायतेच्या नळीलासुद्धा हळदकुंकू लावलं. म्हटलं, "अगं, ती परकी." तर म्हणते, "पाहुणी आहे ना, अक्का. घरी आलेल्या बाईला कुंकू न लावता कसं बसवायचं?"

उंबऱ्यावर कोहळा फोडला. आज हत्याराला हात लावायचा नाही, म्हणून गुरुराज दिवसभर हात पाठीमागे बांधून पडवीत फिरत होता. सासरी आलेल्या जावयासारखा.

१६ ऑक्टोबर

पुष्पावतीने एकेक हत्यार घासलेट लावून पुसलं. "साहेब लोकांपुढे कुंकवाचे डाग नकोत, हसतील." सगळं लख्ख. इतकं लख्ख की कुंकवाबरोबर आपल्या नळीवरचा लाल ठिपकाही गेला.

गुरुराजने दोन्ही नळ्या उचलल्या. बराच वेळ बोटं फिरवली. पुष्पावती दारात उभी — "मी होत्या तशाच ठेवल्यात हो. आपली डावीकडे." डावीकडे म्हणजे तिच्या की पाटाच्या, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. आमच्या घरात देवापुढे मांडलेल्या गोष्टीवर वाद घालत नाहीत.

"हीच आपली," तो म्हणाला आणि नवा ठिपका दिला.

२० ऑक्टोबर

आले. तिघे. दोन साहेब आणि कागदपत्रं सांभाळायला आमच्याच पेठेतले वासुदेवराव. ते खात्यात हेडक्लार्क आहेत. गल्लीत मराठीत बोलतात, साहेबांपुढे बोलतच नाहीत.

हातपंपाने नळीत तेलाचा दाब भरायचा, काटा वर चढवायचा, मग दाब सोडायचा. आधी विलायतेची. काटा चढला, उतरला, शून्यावर येऊन बसला. मोठे साहेब म्हणाले, "फाइन." मग ठिपक्याची. चढला झोकात. उतरताना शून्याच्या अलीकडेच थांबला. पुन्हा केलं. पुन्हा तसंच.

मोठे साहेब माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाले, देशी धातूला स्मरणशक्ती नसते, बाई. कॉफी मात्र त्यांनी दोनदा मागून घेतली. तीही देशीच होती.

विलायतेची नळी कापसात गुंडाळून घेऊन गेले. ठिपक्याची ठेवून गेले.

२१ ऑक्टोबर

गुरुराज जेवला नाही. पुष्पावतीही नाही. मी जेवले. कुणीतरी भांडायला शिल्लक राहायला हवं.

२४ ऑक्टोबर

चूक कुठे झाली ते बघायला त्याने ठिपक्याची नळी करवतीने उभी कापली. आणि तिथेच बसून राहिला.

त्याने आपल्या नळीच्या बंद टोकाला आतून तांब्याचं बूच बसवलं होतं. बाहेरून दिसत नाही, पण त्यासाठी महिनाभर खपला होता. कापलेल्या नळीत बूच नाही. टोक नुसतं दाबून डाख दिलेला.

म्हणजे नापास झाली ती विलायतेची. खात्याच्या तपासण्यांत बरीच वर्षं ताणून ताणून दमलेली असेल बिचारी. आणि "फाइन" म्हणून कापसात गुंडाळून नेली ती आपली.

पुष्पावतीला रडू कोसळलं. "माझ्यामुळे झालं." गुरुराज म्हणाला, "तुझ्यामुळे काही नाही. ठिपका मी दिला." मग माझ्याकडे बघून — "अक्का, पण सरकारचा नमुना मी कापलाय."

तिघंही त्या दोन तुकड्यांकडे बघत राहिलो. पास झाल्याचं असं सुतक मी पहिल्यांदा पाहिलं.

२६ ऑक्टोबर

वासुदेवरावांकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी उठून आधी खिडकी लावली.

"स्वल्प हळू, अक्का. हे मी ऐकलेलं नाही."

"तुम्ही कपाटातली नळी कापून बघा. आत तांब्याचं बूच निघेल."

"ती कशी कापता येईल? साहेबांनी तिच्या नावाने उत्तम म्हणून सही केलीय. आता तो आमचा प्रमाण नमुना आहे. कापायची तर दिल्लीची परवानगी. आणि बूच नाही निघालं तर?"

"निघेल."

"निघालं तर आणखी वाईट. साहेबांना विलायती ओळखता येत नाही, असं कागदावर येणार. मग लेथ तर जाईलच, नमुना फोडल्याबद्दल गुरुराजवर केसही होईल." खिडकीची कडी पुन्हा चाचपून म्हणाले, "नवी नळी करायला सांगा. पुन्हा तपासणी मी लावून देतो. एवढं माझ्या हातात आहे."

"सरी, बरं," म्हटलं आणि निघाले. माणूस वाईट नाही. दाब आला की वाकतो, इतकंच. आज मीही वाकले. घरी येऊन, आमची पहिली नळी सदोष होती, नवी तपासावी, असा खोटा अर्ज अगदी शुद्ध इंग्रजीत लिहिला.

७ नोव्हेंबर

दिवाळी झाली, केली म्हणण्यासारखी नाही. नवी नळी तयार. या वेळी ठिपका रंगाचा नाही, कानशीने कोरलेली खूण. पुष्पावती पडवीत पाऊल टाकत नाही. गुरुराजने तिला हाक मारली, "ये, कुंकू लाव." ती आली नाही.

मला भीती नापास होण्याची नाही. पुन्हा नापास झाला तर तो स्वतःवरच विश्वास ठेवणार नाही. मग मीही त्याला काही पटवू शकणार नाही.

१८ नोव्हेंबर

वासुदेवराव स्वतः आले. पायरीवरच उभे राहिले, आत येईनात. नवी नळी खात्यात कपाटातल्या नमुन्याशी ताडून बघितली म्हणे. सगळ्या दाबांवर तंतोतंत, केसाचाही फरक नाही. साहेबांचा शेरा: ही परदेशी मालाची निव्वळ नक्कल आहे, यात संशोधन नाही. अनुदान बंद. सोमवारी लेथ न्यायला लॉरी येईल.

मी तोंड उघडलं तेवढ्यात गुरुराजने विचारलं, "केसाचाही नाही?"

"नाही."

"मग माझ्या दोन्ही चांगल्या," तो म्हणाला आणि आत वळून पुष्पावतीला पान वाढायला सांगितलं. पोटभर जेवला. ताक भातावरच ओतलं.