हार्लन्स फोर्डच्या दगडातलं पाऊल

मी, डॉर्सी व्हर्जिल टीग, वय पंचविसावं चालू, मूळ राहणार हार्लन्स फोर्ड, टेक्सास, सध्या नॉर्थ डकोटात तेलाच्या रिगवर कामाला, आज पूर्ण शुद्धीवर, दारूला न शिवता आणि कोणाच्या धाकाने नव्हे तर आपखुशीने हे माझ्या हाताने लिहितो. अक्षर वाईट आहे. शाळा नववीत सुटली. जिथे शब्द सापडत नाही तिथे रिगवरच्या मॅरिटला विचारून लिहिलं आहे, पण म्हणणं माझं आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. वाटून द्यावं असं काही जवळ नव्हतंच.

कारण एवढंच, की तीन आठवड्यांपूर्वी आमच्यातला क्लोव्हिस एबेर पाइपाखाली सापडून गेला. त्याची शवपेटी अजून वाटेत होती, तोवर त्याची आई आणि बायको त्याच्या गाडीवरून फोनवर हमरीतुमरीवर आल्या. आमचा मुकादम म्हणाला, "पोरांनो, आपापलं लिहून टाका. मेलेल्याला विचारता येत नाही."

हा कागद पाकिटात बंद करून रिगवरचा माझा सोबती वेन्डेल ग्राइंडस्टाफ याच्याकडे राहील आणि माझ्या मृत्यूनंतरच उघडला जाईल.

कलम १. माझा देह हार्लन्स फोर्डला न्यावा आणि आई, म्हणजे आर्डिथ टीग, हिच्या डाव्या बाजूला पुरावा. उजवी बाजू बाबांची आहे. गळ्यात टाय घालू नये.

कलम २. माझा पिकअप ट्रक माझी धाकटी बहीण ओडेसा हिला. डावं दार फक्त आतून उघडतं, हे तिला माहीत आहे. बँकेत जे असेल त्यातलं अर्धं तिच्या नर्सिंगच्या शिक्षणाला, अर्धं क्लोव्हिसच्या मुलीला. ओडेसा, हे पैसे बाबांच्या चर्चच्या, म्हणजे मंडळीच्या, दानपेटीत टाकायचे नाहीत. तुझा स्वभाव मला माहीत आहे म्हणून लिहिलं.

कलम ३. रॉयस मेब्री याने सहा वर्षांपूर्वी माझं खोगीर "दोन दिवसांसाठी" नेलं. ते खोगीर मी त्याला देतो. मात्र त्याने एकदा माझ्या कबरीपाशी येऊन "मी चोरलं होतं" असं मोठ्याने म्हणावं. त्या वेळी ओडेसाने जवळ उभं राहावं, कारण तो पुटपुटून निघून जाईल.

कलम ४. आजीचं पवित्र शास्त्र ओडेसाला. त्यात उत्पत्तीच्या पाचव्या अध्यायाच्या समासात आजीने पेन्सिलीने बेरीज मांडली आहे. आदाम एकशेतीस वर्षांचा असताना शेथ झाला, शेथ एकशेपाच वर्षांचा असताना अनोश, असं करत नोहाच्या सहाशेव्या वर्षापर्यंत, म्हणजे जलप्रलयापर्यंत, एक हजार सहाशे छप्पन्न. शाळेत मला एकही गणित धड आलं नाही, पण ही बेरीज मी झोपेतही सांगेन. जग सहा हजार वर्षांचं आहे हे आमच्या घरात तर्काने कोणी शिकवलं नाही. जेवणाआधी हात धुतात तसं ते होतं.

कलम ५. आता दगडाबद्दल. बाकीचं सगळं मी याच्यासाठीच लिहायला बसलो.

आमच्या प्रार्थनामंदिरात काचेखाली एक चुनखडीची लादी आहे. तिच्यात भयंकर जनावराचं, म्हणजे डायनोसोरचं, तीन बोटांचं पाऊल आहे आणि त्याच्या शेजारी माणसाचं अनवाणी पाऊल. माझे वडील, पाळक व्हर्जिल टीग, हे गेली दहा वर्षं त्या लादीवर हात ठेवून सांगत आले आहेत, की माणूस आणि ती जनावरं एकाच काळी चालली, मध्ये कोट्यवधी वर्षं वगैरे काही नाही. येत्या ईस्टरच्या रविवारी, म्हणजे तीन आठवड्यांनी, ती लादी नव्या सभागृहाच्या भिंतीत बसवायची आहे. चार काउंट्यांतली मुलं ती बघायला येणार, आणि तिच्याजवळ उभं राहून त्यांना साक्ष द्यायचं काम ओडेसाला नेमून दिलं आहे.

तीन बोटांचं पाऊल खरं आहे. माणसाचं पाऊल मी कोरलं. वय चौदा. पाऊल माझंच आहे.

ते असं झालं. त्या वर्षी वसंतात आई गेली. उन्हाळ्यात ओढा आटला आणि तळाच्या खडकात जनावरांची पावलं उघडी पडली. बाबा चारा-बियाण्याच्या दुकानात म्हणाले, की या पावलांशेजारी माणसाचंही सापडेल. हायस्कूलचे पेनरोज सर तिथेच होते.

"व्हर्जिल, एक दाखव. एकच," सर म्हणाले. "मी पुढच्या रविवारी तुझ्या पहिल्या बाकावर येऊन बसतो."

"दाखवीन."

"टाचेसकट हं!"

सगळे हसले. बाबा तेव्हा उन्हाळी शाळेची बस चालवायचे; त्या दिवसापासून फेरी संपली की ते ओढ्यात उतरायचे आणि गुडघ्यांवर रांगत, हाताने वाळू सारत शोधायचे. महिनाभर. जेवण नाही, बोलणं नाही. ओडेसा आठ वर्षांची होती. तिने मला विचारलं, "दादा, बाबा आईला शोधतायत का?"

मला ते बघवेना. आजोबांची छिन्नी माळ्यावर होती. बाबा बसवर असायचे तेव्हा मी भर दुपारी ओढ्याच्या वरच्या वळणावर जायचो. जनावराच्या पावलाशेजारी ओला पाय दगडावर ठेवला, कडेने कोळशाने रेघ मारली आणि कोरत गेलो. नऊ दुपारी लागल्या. मग वाळू आणि व्हिनेगरने घासलं आणि वर चिखल थापला. तीन दिवसांनी बाबांना ते सापडलं.

ते ओरडले नाहीत. खाली बसले, त्या टाचेत बोट घातलं आणि म्हणाले, "डॉर्सी, लेका, ही एखादी मुलगी असणार. पाणी चढत होतं आणि ती पळत होती." त्या संध्याकाळी ते पोटभर जेवले. मला तेवढंच हवं होतं. पुढचं मी काही धरून चाललो नव्हतो.

एक चूक मात्र माझ्या हातून झाली, आणि ती आमच्यासारख्यांच्याच हातून होऊ शकते. आमच्या मंडळीत ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी एकमेकांचे पाय धुतात, प्रभूने शिष्यांचे धुतले तसे. पुरुष पुरुषांचे, बाया बायांचे. पुढच्या वर्षी बाबांनी माझे धुतले. माझ्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब आहे. दगडातल्या पावलाचंही आहे. बाबांनी पाय टॉवेलात घेतला, त्यांचा अंगठा त्या बोटावर थांबला आणि बराच वेळ तिथेच राहिला. मग त्यांनी पाय पुसला आणि दुसरा घेतला. त्यानंतर पाय धुण्याच्या दिवशी मी कधी घरी थांबलो नाही. सतराव्या वर्षी गाव सोडलं ते ओक्लाहोमा, वायोमिंग करत इथे आलो. लोक म्हणतात, टीगच्या पोराच्या पायाला भिंगरी आहे. भिंगरी नाही, हे बोट आहे.

कलम ६. मी देवाचा शब्द सोडला आहे असं कोणी समजू नये. पण इथे जे ऐकलं तेही लपवणार नाही.

मॅरिट सुंडबी ही रिगवरची खडक वाचणारी बाई. दोन मैल खालून खडकाचा लांब दांडा काढतात, त्याला आम्ही कोर म्हणतो. तो धुऊन तिच्या टेबलावर मांडायचं काम माझं. ती दर रविवारी लुथरन मंडळीत जाते आणि शिव्या मात्र आमच्यासारख्याच देते. मी तिला बाबांचं सगळं सांगितलं: थर एका वर्षाच्या पुरात बसले, ओले होते म्हणूनच न मोडता वाकले, समुद्र फार जुना असता तर याहून खारट झाला असता. तिने ऐकून घेतलं. मग कोरवर बोट ठेवलं. चिखलाचा थर, त्याला उन्हाने पडलेले तडे, तड्यांत वाळू. त्यावर पुन्हा थर, पुन्हा तडे.

"अरे टीग, वर्षभर पूर होता ना? मग हा चिखल वाळला कधी?"

"मधेच पाणी ओसरलं असेल."

"इथे एकोणीसदा?"

त्या रविवारी मी बाबांना फोन लावला. ते हसले. "लेका, देवाने आदामाला रांगतं पोर करून नाही घडवलं. पहिल्या दिवशीच त्याला दाढी होती. जगही तसंच, घडवलं तेव्हाच वयात आलेलं."

मला ते पटलं, आणि मी मोठ्या तोऱ्यात मॅरिटला जाऊन सांगितलं. ती डबा खात होती. म्हणाली, "म्हणजे न झालेल्या उन्हाचे तडे देवाने स्वतः बसून कोरले? कशासाठी, आपल्याला दिसावेत म्हणून?"

न झालेली गोष्ट दगडात कोरणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. नऊ दुपारी लागतात. देवाने तसं केलं असं मी मानू शकत नाही, मग मला कोणी नास्तिक म्हटलं तरी चालेल. त्या तड्यांना बाबांकडे दुसरं उत्तर असेल तर मला ऐकायचं आहे. आजीची बेरीज मी खोडलेली नाही. जगाचं वय किती ते सांगण्याइतका मी शिकलेलो नाही. त्या पावलाला मात्र येत्या ऑगस्टात अकरा वर्षं होतील.

कलम ७. माझ्यावर विश्वास बसला नाही, आणि बाबांचा बसणार नाही, तर लादी हॉबर्ट स्कॅग्स याच्याकडे न्यावी. तो थडगी घडवतो, त्याच्याकडे मोठी करवत आहे. दोन्ही पावलांच्या टाचेतून वरून खाली कापावं. जिथे खरा पाय चिखलात रुतला तिथे खालच्या थरांच्या रेघा पायाखाली दबून वाकलेल्या दिसतील, गादीवर कोणी बसावं तशा. माझ्या पावलाखाली त्या वाकणार नाहीत. सरळ येऊन कापल्या जातील. हे मला मॅरिटने कोरवर दाखवलं. त्या दिवशी मी जेवलो नाही.

आजोबांची छिन्नी माझ्या पेटीत तळाशी, लाल फडक्यात आहे. तिची बाजूची खाच पावलाच्या टाचेतल्या ओरखड्याशी जुळेल. ती हॉबर्टला द्यावी. त्याच्याकडे तिला नीट काम मिळेल.

कलम ८. पेनरोज सरांना माझा दगडी शिंपला, जो इथल्या कोरमधून निघाला. सर, दगडाबद्दल तुमचं बरोबर होतं. पण तुम्ही ज्या माणसाला हसलात त्याची बायको पाच महिन्यांपूर्वी वारली होती. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवा.

कलम ९. चांगला थर्मास मॅरिटला द्यायचा होता. पण ती म्हणते, साक्षीदाराला काही मिळू शकत नाही. "थर्मास की सही?" असं मी विचारल्यावर तिने सही निवडली. वेन्डेलचंही तेच. म्हणून थर्मास आमचा स्वयंपाकी एफ्राइन याला. त्यात त्याने स्वतःची कॉफी घालू नये.

कलम १०. इथवर वेन्डेलला वाचून दाखवलं. तो छप्पन्न वर्षांचा आहे, ड्रिल चालवतो, देवाधर्माचं बोलत नाही. त्याने विचारलं, "म्हणजे ईस्टरच्या आत तू मरणार आहेस का?"

"नाही, तसं कसं?"

"मग त्या दिवशी तुझी बहीण पोरांपुढे उभी राहून काय सांगेल?"

मी म्हणालो, पाकीट तुझ्याकडे राहील.

"माझ्याकडे नको. खोटं मी माझ्या कपाटात ठेवत नाही, टीग. आधीच चड्ड्यांना जागा नाही."

तर पाकीट माझ्या मृत्यूनंतर उघडावं असं जे वर लिहिलं आहे, ते मी रद्द करतो. आपण मेल्यावर खरं बोलणं म्हणजे दुसऱ्याला निस्तरायला लावणं. नवव्या आज्ञेत खोटी साक्ष देऊ नको असं आहे. जिवंतपणी की नंतर, असा फरक त्यात नाही. उद्या सोमवारी टपालाची गाडी येते. हा कागद तिच्याबरोबर पाळक व्हर्जिल टीग यांच्या नावे जाईल. नक्कल वेन्डेलच्या कपाटात, चड्ड्यांखाली. मी मेलो तर ती मृत्युपत्र म्हणून चालावी.

बाबा, तुम्ही हे वाचाल तेव्हा ओडेसाला तुम्हीच सांगा, मी पोचेपर्यंत थांबू नका. मंडळीला मी सांगेन, माझ्या तोंडाने. मुकादमाकडे रजा मागितली आहे. अठ्ठावीस तारखेच्या गुरुवारी मी येतो. त्या वर्षी तुम्हाला कळलं होतं की नाही, ते पत्रात लिहू नका, फोनवर सांगू नका. पाय धुवायला बसा. या वेळी त्या बोटावर थांबलात तर मी बोलेन.

ठिकाण: रिगचा तळ, नॉर्थ डकोटा
तारीख: १० मार्च २०१३, रविवार

डॉर्सी व्हर्जिल टीग
(सही)

वरील इसमाने आमच्या डोळ्यांदेखत, आमच्यापुढे वाचून दाखवून सही केली. तो शुद्धीवर होता.

साक्षीदार १: मॅरिट सुंडबी (सही). शब्दांत मदत केली, मजकुरात नाही.

साक्षीदार २: वेन्डेल ग्राइंडस्टाफ (सही). रजा मंजूर झाली आहे, हे मी मुकादमाला विचारून लिहीत आहे.