माणूस आत आहे

प्रिय भिंगरी,

पत्र बघून घाबरू नकोस, कुणी मेलेलं नाही. फोनवरच विचारणार होते, पण फोनवर तू नुसती 'हं, हं' करतेस आणि मध्येच तुझ्याकडचा भोंगा वाजतो. माझं शिक्षण चौथीत आटोपलं, तेव्हा अक्षराला नावं ठेवायची नाहीत. लागलं नाही तर मोठ्यानं वाच, म्हणजे माझाच आवाज ऐकू येईल.

तर विषय असा, की तुझ्या आजोबांनी घर बंद केलंय. म्हणजे दाराला कुलूप वगैरे नाही. तुमच्या तेलाच्या प्लांटात, जिथे आधी ते होते आणि आता तू आहेस, ती लांबलचक आडवी टाकी, सेपरेटर, जशी बंद करतात तसं. त्या तापानंतर त्यांची आठवण ढिली झालीय हे तुला मी सांगितलंच होतं. सकाळी काय खाल्लं विचारलं तर माझ्या तोंडाकडे बघत बसतात, जसं काही ते माझ्या कपाळावर लिहिलंय. पण दुपारचं ऊन ओट्यावर आलं, की उठतात. आधी दाराजवळचा पाण्याचा मुख्य कॉक बंद करतात. मग पाइपावर तळवा ठेवून उभे राहतात, आजाऱ्याचा ताप बघावा तसे. मग खालचा नळ सोडून उरलंसुरलं पाणी काढून टाकतात. आणि एके दिवशी ओट्याखालच्या गॅसच्या कॉकला साखळी गुंडाळून त्यांनी एक लाल कुलूप ठोकलं. तेव्हापासून मी विजेच्या शेगडीवर रांधतेय. ती शेगडी म्हणजे आळशी जावई, तापतच नाही, आणि तापली की विझायचं नाव घेत नाही.

आधी वाटलं, लागलं वेड. पण वेडा माणूस रोज नवा घोळ घालतो, हे रोज तोच घालतात, तसाच, त्याच क्रमानं. तेव्हा मला कुतूहल वाटायला लागलं. अगं, जन्मभर ह्या माणसाचे कपडे धुतले. तेलाचे डाग कशानं जातात ते मला झोपेतही सांगता येईल, पण ते तेल येतं कुठून आणि हा माणूस तिथे दिवसभर करतो काय, हे विचारायचं कधी सुचलं नाही. पगार घरी येत होता, बास.

म्हणून आता विचारलं. आणि काय सांगू, शेजारणीचं नाव ज्याला आठवत नाही तो माणूस घडाघडा बोलायला लागला. विहिरीतून सगळं एकत्रच येतं म्हणे, तेल, पाणी, गॅस, वाळूसुद्धा, लग्नाहून परतणाऱ्या वऱ्हाडासारखं. टाकीत शिरलं की त्याला थोडा वेळ निवांत पडू द्यायचं. गॅस वर जातो, पाणी तळाशी बसतं, तेल मधे राहतं, आणि ज्याला त्याला आपापल्या वाटेनं बाहेर काढायचं. मी म्हटलं, "अहो, म्हणजे पडू द्यायचाच पगार घेत होतात की!" तर किती दिवसांनी हसले.

माझा विश्वास बसेना. काचेच्या बरणीत तेल आणि पाणी ओतलं, वर सोड्याची बाटली रिकामी केली आणि हलवून खिडकीत ठेवली. बुडबुडे आधी पळाले, पाणी खाली गेलं, तेल वर आलं. पण दोघांच्या मधे एक गढूळ पट्टा राहिला, ना धड तेल ना धड पाणी. संध्याकाळ झाली तरी हलेना. आजोबांना दाखवला तर म्हणाले, "घाई केलीस. हलवून हलवून कालवलंस, आता कसं सुटेल?" तुमच्याकडेही असा पट्टा होतो का गं? त्यात काही औषध घालतात म्हणे. कसलं औषध? घरात दोन-चार माणसांना पाजायला हवं होतं.

बंद करायचा क्रमही मी समजून घेतला. आधी येणारी वाट बंद. मला वाटलं, मग लगेच आतलं प्रेशर सोडून मोकळं व्हायचं. तर नाही! प्रेशर थोडं राखायचं, कारण तेच तेल-पाण्याला बाहेर ढकलतं. सगळं सोडून बसलात तर तेल आत ठाण मांडणार. (ह्या घरात ते ढकलायचं काम माझं तोंड करतं, हे त्यांनी कबूल केलं.) मग बाकीच्या वाटा बंद करून गॅस हळूहळू सोडायचा. एकदम सोडला तर भर उन्हात पाइपावर बर्फ धरतो म्हणे. हे खरं की थाप? तू बघितलायस का? मग उरलासुरला गॅस हाकलून, आतली हवा तपासून, तेव्हा कुठे माणूस साफसफाईला आत उतरणार. आणि उतरण्याआधी प्रत्येकानं आपापलं कुलूप व्हॉल्व्हला लावायचं. किल्ली ज्याची त्याच्या खिशात. साहेब आला तरी दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही.

हे मला आधी कळलं असतं, तर मी गॅसवाल्या मिस्त्रीला बोलावलं नसतं. तो लोखंड तोडायची कातर घेऊन आला, साखळीला लावणार, तोच आजोबा त्याच्या आणि ओट्याच्या मधे उभे राहिले. काठीशिवाय, भिंगरी! हात पसरून. "माणूस आत आहे," म्हणाले. मिस्त्रीनं ओट्याखाली वाकून बघितलं. तिथे कांद्याची टोपली. "काका, कांदे आहेत," तो म्हणाला. आजोबांनी त्याला असा झापला की बिचारा कातर विसरून गेला. ती अजून इथेच आहे.

मी रागावले नाही. मला आता फक्त जाणून घ्यायचं होतं, आत कोण आहे. सरळ विचारलं तर उत्तर देत नाहीत. म्हणून दुसऱ्या बाजूनं गेले. म्हटलं, आता चालू करायचं कसं ते सांगा. तर तेही सांगितलं. आतली हवा हाकलायची, हवा आणि गॅस भेटले की एक ठिणगी पुरे. येणारी वाट थोडी थोडी उघडायची, प्रेशर हळूहळू चढू द्यायचं, आत तेल-पाण्याची पातळी धरली की मगच त्यांच्या वाटा मोकळ्या करायच्या. "मग करा की चालू," मी म्हटलं, "कधीपासून मला गॅसवरची गरम भाकर हवीय." उठले. दाराजवळचा पाण्याचा कॉक उघडला. ओट्याशी आले, खाली वाकले, कुलूप हातात घेतलं आणि तिथेच थांबले. "नाही," म्हणाले. "त्याच्या आधी कुलपं मोजायची. हे एक राहिलंय. भिंगरी आत आहे."

आता तुला कळलं असेल ते कुलूप कोणतं. तुला नोकरी लागली तेव्हा त्यांनी स्वतः विकत आणून दिलेलं. शेवटची आलीस तेव्हा जेवताना त्यांनी तुला चालू करायचा क्रम विचारला. तू हवा हाकलण्यापासून सुरुवात केलीस. "त्याच्या आधी?" त्यांनी विचारलं. तुला आठवेना. सगळ्यांसमोर म्हणाले, "माणूस आत ठेवून चालू करशील आणि मारशील कुणाला तरी." तू कुलूप ताटाशेजारी आदळलंस, "ठेवा तुमचं कुलूप, मी रोज करते ते काम, तुम्ही नाही," म्हणालीस आणि निघून गेलीस. तेव्हापासून फोन मला करतेस, त्यांची चौकशी करत नाहीस. चूक कुणाची, त्यात मी पडत नाही. तुझा राग तुझ्यापाशी ठेव, तो काही नासत नाही. पण एवढं सांगते, ते भांडण त्यांना आठवत नाही. मी दोनदा विचारून बघितलं, कोरी पाटी. एवढंच ठाऊक आहे की तू त्या टाकीत उतरलीस आणि बाहेर आलेली नाहीस. म्हणून काही चालू होऊ द्यायचं नाही. दुपारभर ओट्याजवळ खुर्ची टाकून राखण करत बसतात, जेवायलाही उठत नाहीत, आणि आता पाठ धरलीय.

कातर माझ्याकडे आहे, साखळी मला आजही तोडता येईल. पण नियम मला कळलाय आणि मला तो पटलाय. किल्ली तुझ्या जुडग्यात असणार, बघ. तेव्हा रजा काढ आणि ये. त्यांच्या पाया पडायला नको, माफी मागायला नको, रडारड तर अजिबातच नको. सरळ स्वयंपाकघरात ये, त्यांच्यासमोर खाली बस, तुझं कुलूप तू काढ आणि त्यांच्या हातात दे. आणि 'बाहेर आले' असं जरा मोठ्यानं सांग, त्यांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं. मग व्हॉल्व्ह ते उघडतील, काडी मी ओढते.

तुझीच,
विजेच्या शेगडीला विटलेली आजी