बावीस खटक्यांवर थांबलेली कडी

मी, खाली सही करणारी, वय सेहेचाळीस, काम मुद्रितशोधनाचे, नवरा हयात नाही, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी ठिकाणावर आहे. कुणी समोर बसवून लिहून घेतलेले नाही. दडपण आहे, पण ते गुरुवारच्या ऑपरेशनचे. कुणा माणसाचे नाही. सर्जन म्हणाले, "शंभरातले नव्वद ठणठणीत होऊन घरी जातात." उरलेल्या दहांत मी निघाले तर पुढीलप्रमाणे करावे.

१. राहते घर, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, तसेच बँकेत जे असेल ते, सर्व माझ्या मुलीचे. ती चौदा वर्षांची आहे. अठरा पूर्ण होईपर्यंत तिला कोणी सांभाळावे ते कलम पाचमध्ये येईल. ते आज, मंगळवारी, कोरे ठेवत आहे. तिथे एकच नाव लिहावेसे वाटते, माझ्या थोरल्या नणंदेचे, आणि ती गेली तीन वर्षे माझ्याशी बोललेली नाही. ती नाही म्हणाली तर माझा भाऊ. माणूस चांगला, पण परदेशात असतो. मुलीला शाळा, मैत्रिणी, भाषा, सगळे सोडून जावे लागेल.

२. माझे शब्दकोश छापखान्यातल्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला. त्याने अकरा वर्षे डब्यातली तयार कॉफीची पूड गरम पाण्यात ढवळून प्यायली आणि वर मला ऐकवले, "एवढी खटपट करून शेवटी पितेसच ना?" त्याला शब्दकोश द्यावेत. ग्राइंडर दाखवूसुद्धा नये.

३. हाताने फिरवायचा ग्राइंडर, वजनकाटा आणि बारीक चोचीची किटली मुलीला. ग्राइंडर समोरच्या काकूंना उसना देऊ नये. एकदा दिला होता, त्यांनी त्यात मिरी दळली. पंधरा दिवस आमची कॉफी शिंका काढत होती. जाब विचारला तर म्हणाल्या, "अगं, धुऊन दिलाय की!" धुतला, हाही गुन्हाच; आतले दाते गंजतात.

मुली, बिया दळायच्या त्या पाणी तापत ठेवल्यावर. आधी दळून ठेवलेली पूड म्हणजे शिळा वास. एका कपाला पंधरा ग्रॅम. ग्राइंडरच्या तळाची कडी घट्ट बंद करायची आणि मग मागे फिरवत खटके मोजायचे. खटके जास्त तितकी पूड जाड. माझी पसंती बावीस, जाड्या मिठाएवढी. उकळलेले पाणी मिनिटभर थांबू दे. गाळणीतल्या पुडीवर थोडेसे ओत, ती फुगेल, मनात तीस मोज, मग उरलेले पाणी बारीक धारेने. फोन बघत ओतू नकोस. साखर घालायची तर घाल. नाक मुरडायला मी नसेन.

४. माझ्या नऊ वह्या नणंदेला द्याव्यात, विशेषतः सातवी. त्यांत रोजची तारीख, बिया, खटके, वेळ, चव लिहिलेली आहे. कारण सांगणे भाग आहे.

नवऱ्याचे हृदय अशक्त झाल्यावर डॉक्टरांनी त्याला सकाळचा एक कप मंजूर केला. दुपारी चारच्या कपासाठी मी उत्तेजक द्रव्य काढून टाकलेल्या बिया आणू लागले आणि ते त्याला सांगितले नाही. त्या कॉफीला जोर कमी, म्हणून बारीक दळायचे, सोळा खटक्यांवर. म्हणजे रोज दुपारी कडी बावीसवरून सोळावर यायची. तो कप नाकाशी धरून म्हणायचा, "ही कॉफी आहे का कॉफीची आठवण?" मी हसून उडवून लावायचे. शेवटच्या दिवशीही तो तेच म्हणाला, पण सकाळी, आदल्या दुपारच्या कपाविषयी, आणि पुढे म्हणाला, "आज दुपारी तरी खरी दे." मी चिडले होते. दुपारी मी कॉफी केली. संध्याकाळी सहाला तो खुर्चीतच गेला.

पुढचे आठ दिवस घरात शेजाऱ्यांच्या थर्मासमधला चहा चालला. ग्राइंडरला कुणाचा हात लागला नव्हता. नवव्या दिवशी मी तो उचलला. कडी सोळावर असायला हवी होती; ती बावीसवर होती.

सातव्या वहीत त्या दुपारपुढे सोळा लिहिलेले आहे. पण मला दळण्याआधीच वही भरायची सवय. त्यामुळे त्या आकड्यावरून मी काय ठरवले होते ते कळते, काय केले ते नाही. मी फक्त कडी फिरवायची विसरले, की डबाच सकाळच्या बियांचा घेतला? विसरून घेतला, की रागात? की मी बाल्कनीत असताना त्याने स्वतः आणखी एक कप करून घेतला? तीन वर्षे आठवते आहे. रोज वेगळे आठवते, म्हणून आता माझ्या आठवणीवर माझा भरवसा नाही. डॉक्टर म्हणाले, "बाई, एका कपाने असं होत नाही." मी म्हटले, "लिहून द्याल?" त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावले.

तो गेला त्या दिवशी नणंद दारात उभी राहून म्हणाली होती, "तुझ्या कॉफीनंच नेलं माझ्या भावाला." तेव्हापासून ती दर रविवारी फाटकापर्यंत येते, भाचीला घेऊन जाते, आणून सोडते. वर येत नाही. तिचे बोलणे खोटे आहे असे मी चारचौघांत म्हणाले होते. ते मला ठाऊक नसताना म्हणाले, एवढे इथे नोंदवते.

(इथून पुढे बुधवारी दुपारी लिहिले.)

सकाळी नणंदेला फोन केला. "ताई, एक कागद वाचायचाय तुम्हाला."

"मी काय वकील आहे?"

"तुमच्याशिवाय कुणी वाचून उपयोग नाही."

ती वर आली. चप्पल काढली, पण पर्स खांद्यावरच ठेवली. दाताच्या दवाखान्यात नोंदी ठेवते, त्यामुळे ओळीखाली बोट धरून वाचायची सवय. चौथे कलम दोनदा वाचले.

"पोरीला माहितीये?"

"नाही."

"मग खोडून टाक. कोण विचारणार होतं तुला?"

"तुम्ही विचारलं होतंत."

"मी रागात बोलले गं. मला कुठं काय ठाऊक होतं?"

"मलाही नाही, ताई. तेच लिहिलंय."

ती ओट्याला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "हे न सांगताही पोरगी माझ्या ओटीत घालता आली असती तुला. मी घेतलीच असती."

"म्हणून तर आधी सांगितलं."

"फार शहाणी आहेस." तिने डोळे पुसले आणि माझ्यासमोर कागद सरकवला. "लिही. पोरीला मी सांभाळीन. इथंच येऊन राहीन, तिची शाळा मोडायची नाही. आणि हेही लिही, की मी तुला माफ केलेलं नाही."

"दोन्ही?"

"दोन्ही. अर्ध्या कागदावर मी पोरगी घेत नाही."

५. त्यानुसार: मुलीची पालक म्हणून मी माझ्या थोरल्या नणंदेला नेमते. तिची संमती आहे. तिने मला माफ केलेले नाही. चौथे कलम मुलीला कधी वाचायला द्यायचे, की द्यायचेच नाही, हे तिच्या आत्याने ठरवावे. या बाबतीत तिचा निर्णय माझ्यापेक्षा बरा ठरेल असे मला वाटते.

एवढे लिहून होईपर्यंत ती चप्पल घालत होती. दारातून म्हणाली, "हा कागद तू मेलीस तर. उद्या सात वाजता मी गाडी घेऊन खाली उभी असेन. उशीर केलास तर बघ."

वरचा मजकूर मी वाचून पाहिला. शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या, तिथे आद्याक्षरे घातली आहेत. इतर काही बदललेले नाही.

सही: ____________ (मुलीची आई)

आमच्यादेखत सही झाली; आम्हांला या कागदातून काही मिळायचे नाही:
१. ____________ तळमजल्यावरचे शिंपी
२. ____________ मुलीच्या शाळेतल्या ग्रंथपाल

ठिकाण: राहत्या घरी, जेवणाच्या टेबलावर
दिवस: बुधवार, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, दुपारी चार वाजून दहा मिनिटे