तिरंगी थ्रेशर

१० जानेवारी
माझ्या उजीला दुसरा नंबर. गोळाफेक. रौप्यपदक. भारताकडून.

पुन्हा पुन्हा लिहिलं तरी खरं वाटत नाही. स्पर्धा परदेशात, अपंग खेळाडूंची. इथे आमच्या अंगणवाडीत सकाळपासून सगळे माझ्या मोबाइलवर वाकलेले. रेंज जाते, येते. मदतनीस सुमनबाईंनी त्या नादात खिचडी करपवली. शेवटी उजी दिसली. निळा कोट, डावी बाही कोपराशी दुमडून पिन लावलेली. झेंडे वर गेले. पहिला नंबर दुसऱ्या देशाचा, म्हणून राष्ट्रगीतही त्यांचंच वाजलं. पण सुमनबाई ओरडल्या, "उठा रे, राष्ट्रगीत हाये!" आणि सगळी पोरं सावधान. कोणत्या देशाचं ते देव जाणे, आम्ही शेवटपर्यंत उभे. मी ढसाढसा रडले.

हे शेतात होते. फोनवर सांगितलं तर म्हणाले, "बरं." मग नुसता वाऱ्याचा आवाज. मग, "जेवली का थे?"

११ जानेवारी
घरात पाय ठेवायला जागा नाही. पेढे, फटाके. ज्यांनी कधी ओट्यावर बसून चहा घेतला नाही तेही आले. आले ते बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. सरपंच म्हणाले, "आता थे तुमची नाई राह्यली, देशाची लेक झाली." मी हसले. देशाच्या लेकीचे लंगोट मी धुतले आहेत.

मंगरूळपीरहून दोन पत्रकार. हात कसा गेला? थ्रेशरमध्ये, मळणीच्या मशीनमध्ये, सातवीत असताना. कोणाचा थ्रेशर? हे पाणी आणायला आत उठून गेले. मी म्हटलं, गावातलाच.

१२ जानेवारी
पेपरात फोटो. 'नियतीने हात हिरावला, लेकीने देशाला पदक दिले.' ही नियती आमच्या गावात कोणत्या वॉर्डात राहते, एकदा विचारायला हवं.

१४ जानेवारी, संक्रांत
हळदीकुंकवाला गेले होते. जिच्या घरी गेले तिचं नाव लिहीत नाही, मनाने वाईट नाही ती. वाण देताना म्हणाली, "हात गेला म्हनूनच तर हे झालं ना माय. देवानं चांगल्यासाठीच केलं."

तिळगूळ हातातच राहिला. वाटलं विचारावं, तुझ्या पोरीचा कोणता हात देतेस? विचारलं नाही. घरी येऊन भांडी आपटली.

१६ जानेवारी
बाबारावजींचा मुलगा नीलेश आला, चारपाच पोरं घेऊन. उजी २५ ला येते आहे. २६ ला झेंडावंदन झालं की मिरवणूक. ट्रॅक्टर, डीजे, फुलं, सगळं नीलेशच्या खर्चाने. पुढे एक देखावा. मी विचारलं, कशाचा?

"काकू, आमच्या गोठ्यात थो जुना थ्रेशर पडेल हाये ना, थोच. तिरंगा रंग मारतो त्याले. सगळ्यात पुढं थ्रेशर, मांगं ताई. कुठून कुठं आली थे दिसलं पाह्यजे लोकायले."

पोराच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याला खरंच वाटतं की हा मान आहे. हे म्हणाले, "पाहू." नीलेशला वाटलं, हो म्हणाले.

१७ जानेवारी
यांच्याशी भांडण. यांचं एकच, "आता कायले काढतं थे? पोरगी मोठी झाली, नाव झालं."

तो दिवस कधी लिहिला नव्हता. आज लिहिते. सोयाबीनचा हंगाम, दिवाळीच्या सुट्ट्या. आम्ही दोघं तेव्हा बाबारावजींच्या शेतात मजुरीला होतो. आभाळ भरून आलेलं. मशीनमध्ये जिथून पेंढ्या टाकतात त्या तोंडावर पत्र्याचं झाकण असतं, हात आत जाऊ नये म्हणून. झाकण काढलं की काम भराभर उरकतं. ते काढलेलं होतं. मी दुसऱ्या बाजूला दाण्याखाली पोतं धरून होते. उजी हौसेने त्या तोंडाशी पेंढ्या देत होती. पुढचं लिहीत नाही.

बाबारावजींनी स्वतः जीप चालवत अकोल्याला नेलं. पोरीच्या दवाखान्यात पैशाला मागेपुढे पाहिलं नाही. रोज यायचे, बाकावर बसून असायचे. म्हणून कोणी तक्रार केली नाही. आणि म्हणूनच मला त्यांचा धड रागही करता आला नाही. पण झाकणाचं नाव त्यांनीही काढलं नाही, आम्हीही नाही, गावानेही नाही. मग नियती आली.

१९ जानेवारी
बाबारावजींच्या गोठ्यात जाऊन पाहून आले. टायरात हवा भरली आहे. वर भगवा, मधला पांढरा ओला, खाली हिरवा. पोरांनी चक्र काढायला गोल ताट आणलं होतं. मशीनचं तोंड तसंच उघडं. झाकण नाहीच.

बाबारावजी खाटेवर. थकले आहेत. म्हणाले, "बस बाई."

मी विचारलं, "भंगारात काहून नाई देल्ला?"

"कोनी घेऊन चालवला असता."

मग आपणहूनच, "झाकन म्या काढलं होतं. पानी येऊन राह्यलं होतं. सोयाबीनच्या सुड्या भिजल्या असत्या."

"मले मालूम हाये."

"तुले मालूम हाये थे मलेबी मालूम हाये."

मी म्हटलं, "मंग हे माइकवर सांगा. थ्रेशर न्या खुशाल. पन हे सांगा."

पोरं तिकडे 'भारत माता की जय'चा आवाज तपासत होती.

२२ जानेवारी
उजीचा फोन, दिल्लीहून. थ्रेशरचं सांगितलं. मग म्हणाली, "येऊ दे मले."

विचारलं, तिथे कसं वाटलं? म्हणाली, "आई, तिथं कोनीच इचारलं नाई हात कसा गेला. सगळ्यायचंच काही ना काही गेलेलं. नुसतं कोन्या देशाची थे इचारत होते. मी सांगत होती. लई मस्त वाटे."

हे ऐकून फार भरून आलं. मला अभिमान नको आहे असं नाही. मला तो पूर्ण हवा आहे. पोरीच्या पाठीवर देशाचं नाव होतं, ते पाहून माझी छाती फुटायची बाकी होती. पण त्या नावाखाली झाकण लपवू देणार नाही.

२५ जानेवारी
आली. यांनी पदक हातात घेतलं, वजन केल्यासारखं हलवलं, परत दिलं. मग आमच्या गोठ्यात जाऊन रडून आले. ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी मागितली पोरीने. दोनदा वाढून घेतली.

२६ जानेवारी
ग्रा.पं.समोर झेंडा उजीने फडकवला. एका हाताने दोरी ओढली. गाठ सुटली, फुलं पडली. राष्ट्रगीत सुरू झालं, आज आपलं. आजवर दर वर्षी इथे उभी राहिले आहे, पण आज पहिल्यांदा वाटलं की हा झेंडा आमच्याही घरचा आहे. समोरची म्हातारी माणसं रडत होती. तांड्यावरच्या बाया दूर उभ्या होत्या, त्याही पदर डोळ्याला लावत होत्या. हे सगळं खरं होतं. कोणी नाटक करत नव्हतं.

मग मिरवणूक. पुढे तिरंगी थ्रेशर, झेंडूच्या माळा घातलेला. उजीने तो पाहिला. थांबली. मी तिचा खांदा धरला. नीलेश म्हणाला, "ताई, बसा ना ट्रॅक्टरवर." ती म्हणाली, "मी पायी चालतो." पूर्ण गावभर पायी चालली, थ्रेशरच्या मागे.

स्टेजवर बाबारावजी. माइक हातात दिला. खूप वेळ उभे. लोकांना वाटलं, म्हातारा विसरला. मग बोलले:

"हे पोरगी माह्या मशीनमंदी... त्या दिवशी झाकन म्या काढलं होतं. घाई होती मले. दैव-गिव काही नाई. म्या काढलं होतं."

बोलले. खरंच बोलले. माझ्या अंगातून एवढ्या वर्षांचं काहीतरी सुटलं. आणि तेवढ्यात टाळ्या! सगळीकडून टाळ्या. निवेदक ओरडला, "काय हे मोठं मन! जोरदार टाळ्या!" डीजेवाल्याने देशभक्तीचं गाणं लावलं. नीलेशने बापाला मिठी मारली. पोरं नाचली.

बाबारावजी माझ्याकडे पाहत होते. त्यांना टाळ्या नको होत्या, ते दिसत होतं. मलाही नको होत्या. काय हवं होतं ते मलाच सांगता येत नाही. थोडी शांतता, बस.

उजीला बोलायला सांगितलं. "धन्यवाद. जय हिंद." एवढंच बोलून खाली उतरली.

२८ जानेवारी
उजी परवा शिबिराला परत जाणार. सकाळी माझ्याबरोबर अंगणवाडीला निघाली. पांदणीच्या वाटेने जाताना नीलेशच्या शेतात तूर काढणं चालू. भाड्याचं नवं मशीन. तांड्यावरच्या दोन बाया तोंडाशी उभ्या राहून पेंढ्या टाकत होत्या. झाकण काढून बांधावर ठेवलेलं. त्यावर डबे आणि पाण्याची कॅन.

उजीने ते झाकण पाहिलं. मग बांध ओलांडून आत गेली.

नीलेश हात हलवत धावत आला. "या ताई, या! फोटो काढू मशीनसंगं."

"बंद कर."

"काय?"

"मशीन बंद कर. झाकन बसव."

"बसवतो ना ताई. एवढी एक गंजी झाली का बसवतो. भाड्याचं मशीन हाये, दुपारी दुसऱ्याकडं जाते. बाया सवयीच्या हायेत."

ती बायांना म्हणाली, "सरका." त्या सरकल्या. त्यांच्या जागेवर, त्या उघड्या तोंडासमोर, उजी जाऊन उभी राहिली. कोणाला पेंढी टाकता येईना. पायलीभर भुसा तिच्या केसांत. नीलेश हसला, मग हसायचा थांबला. परवा हाच पोरगा तिच्यापुढे नाचला होता. आता घड्याळ पाहत होता.

मी पुढे झाले तर म्हणाली, "तू जा आई. पोरं वाट पाह्यत असतील."

आले. पोरांना बसवलं, हजेरी झाली. पण कानाला तोच आवाज. मशीन रिकामं फिरतं आहे, बंद केलेलं नाही. सुमनबाईंना म्हटलं, खिचडी वाढून द्या आज तुम्हीच. त्या म्हणाल्या, "कुठी चालली वो?"

तिच्या शेजारी उभी राहायला चालले आहे.