दोन बोटं कमी

१२ मे, मंगळवार. जळगाव जामोद

सुमनचा गुडघा आज बरा आहे. नातीचा खोकलाही थांबला, असं पुण्याहून कळलं. माझंच काय ते बिघडलंय, तेही एका बाटलीपायी.

प्रशांतनं लेकीच्या जन्माला घेतलेली ती भारी व्हिस्की. तिच्या लग्नात उघडायची म्हणून सहा वर्षांपूर्वी माझ्याकडे ठेवली. "बाबा, पंचशील पाळणाऱ्या माणसाच्याच घरी ती टिकेल," म्हणाला होता. मी ती गव्हाच्या कोठीत बाळासारखी आडवी निजवली. उभी ठेवली तर पडेल, ही माझी अक्कल!

आज गव्हाला ऊन दाखवायला कोठी उपसली, तर बाटलीत दोन बोटं कमी. बुचावरची लाख तडकलेली, बूच ओलं, तोंडापाशी गव्हाचा चिकट गोळा. आडवं पडून बूच भिजलं आणि उन्हाळ्यात पाझरत राहिलं.

"चाखली तं नाही ना तुम्ही?" सुमन हसली. "चहाचं पाणी टाका दोन बोटं. कोनाले कळते?"

"मले कळते ना वं!" उगाच ओरडलो तिच्यावर.

दोन बोटं. पिणारे पेल्यात नेमकी एवढीच ओततात म्हणे. प्रशांतला काय वाटेल?

बाटली कपाटात उभी ठेवली. फोटो काढून त्याला लिहिलं, "आडवी ठेवली, चूक माझी. मी प्यायलो नाही." मग शेवटचं वाक्य पुसलं. पोटच्या पोराला हे सांगावं लागत असेल, तर चाळीस वर्षं पाळलं तरी काय?

पाठवलं. खुणा निळ्या झाल्या, म्हणजे वाचलं त्यानं. उत्तर नाही.

लवकर लिही रे, पोरा.