कडा साफ, पण नस

प्रिय चिमे,

फोन उचलत नाही म्हणून रुसू नकोस. जिभेचा डावा तुकडा काढल्यापासून माझं बोलणं माझं मलाच कळत नाही, आणि तू तिकडे मुसमुसायला लागलीस की मी नुसते हुंकार द्यायचे! म्हणून हे लिहिणं. नाकातली नळी निघाली, पातळ काहीबाही गिळते. परवा मशीनवर बसून एका फ्रॉकची बाही लावली. हात शाबूत आहे बाई.

टाचण्या तोंडात धरून शिवायची माझी खोड तुला ठाऊकच आहे. जिभेची कड बधिर झाली, झिणझिण्या यायला लागल्या, तेव्हा मी सगळं खापर त्या टाचण्यांवर फोडलं आणि त्या मनगटावरच्या उशीत खोचायला लागले. झाला माझा इलाज! केवढी मी शहाणी.

मागच्या आठवड्यात काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आला. गाठ पूर्ण निघाली, कापलेल्या तुकड्याच्या कडा साफ, मानेतही काही पसरलेलं नाही. एवढं ऐकून तुझे भावोजी डॉक्टरीणबाईंसमोरच ढसाढसा रडले. पुढचं त्यांच्या कानात शिरलंच नाही. बाईंनी मला कागदावर रेघ काढून दाखवलं, की आजार जिभेतल्या एका नसेला धरून पुढे सरकत होता. कापडातला एक धागा ओढला गेला की चूण कुठवर जाईल सांगता येत नाही, तसंच काहीसं. गाठ लहान असली तरी नसेत शिरलेला आजार परत उलटण्याची भीती जास्त. उलटेलच असं नाही, पण किरणांचा शेक घेतलेला बरा, म्हणाल्या. सहा आठवडे, रोज. आणि ऑपरेशननंतर दीड महिन्याच्या आत सुरुवात व्हायला हवी. त्यातले तीन आठवडे गेलेसुद्धा.

घरात मात्र किरणांचं नाव काढायची सोय नाही. कडा साफ आहेत ना, मग कशाला जिवाचे हाल, असं यांचं म्हणणं, आणि मुलगा त्यांचीच री ओढतो. त्यांना दोष देववत नाही गं. नळीतून दूध घालून झालं की हे कसे भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे ते मी पाहिलंय. मी पाटीवर लिहून समजवायला गेले की यांना चष्मा सापडत नाही. चष्मा कपाळावर असतो! आणि घर असं विरोधात असताना रोज एकटीनं उठून जाण्याइतकी ताकद आज माझ्यात नाही.

चिमे, मला भीती वाटते, पण मला जगायचंय. तुला स्वयंपाकाला किंवा उशाशी बसायला बोलवत नाही. लहानपणापासून तुझ्या तोंडाला कुणी लागत नाही, आणि भावोजी तर तुला टरकूनच असतात. मिळेल त्या गाडीनं ये आणि माझ्या वाटचं भांडून जा. चार दिवस तुझी जीभ मला उसनी दे.

वाट पाहणारी तुझीच,
ताई